खोकला आजोबांचा, धोका बाळाला

नाशिकची थंडी सुरू झाली, की घरोघरी कुणी ना कुणी खोकत असते. ‘गारठा बाधला’ असे म्हणून आपण आल्याचा काढा घेतो आणि कामाला लागतो. पण घरात तान्हे बाळ असेल, तर लांबलेला खोकला अंगावर काढू नये. तो डांग्या खोकला असू शकतो.

हा आजार ‘बोर्डेटेला पर्ट्युसिस’ या जिवाणूमुळे होतो. श्वासमार्गात केसांसारखे बारीक तंतू असतात. ते कफ वर ढकलतात. हे जिवाणू त्यांना चिकटतात आणि विष सोडून त्यांचे काम बंद पाडतात. पहिले एक-दोन आठवडे साधी सर्दीच वाटते आणि या सुरुवातीच्या काळात संसर्ग फार वेगाने पसरतो. नंतर खोकल्याची उबळ येऊ लागते. ढासेवर ढास लागते, श्वास आत घेताना ‘हूप’ असा आवाज येतो, कधी उलटी होते. हे कित्येक आठवडे चालते. चीनमध्ये याला ‘शंभर दिवसांचा खोकला’ म्हणतात.

‘लहानपणी लस घेतली आहे, मग मला कसा होईल?’ असे अनेकांना वाटते. मात्र, लसीचे संरक्षण काही वर्षांत ओसरते. आजार होऊन गेला, तरी संरक्षण कायमचे नसते. मोठ्यांमध्ये ‘हूप’ आवाज बहुधा येत नाही, त्यामुळे आजार ओळखू येत नाही. संरक्षण नसलेल्या समूहात एका रुग्णापासून १२ ते १७ जणांना लागण होऊ शकते.

बाळाला मिळणारी पेंटाव्हॅलंट लस ६, १० आणि १४ आठवड्यांना देतात. त्यानंतर १६ ते २४ महिन्यांत आणि पाचव्या वर्षी बूस्टर असतो. म्हणजे पहिले ६ आठवडे बाळाकडे स्वतःच्या लसीचे कवच नसते. इतके लहान बाळ खोकतेच असे नाही. त्याचा श्वास मध्येच थांबतो, ओठ निळे पडतात, ते दूध ओढत नाही. अशा वेळी तातडीने रुग्णालय गाठावे.

ही फट भरण्यासाठी गरोदरपणाच्या २७ ते ३६ आठवड्यांत आईला ‘टीडॅप’ लस देता येते. सरकारी केंद्रातील ‘टीडी’ लसीत डांग्या खोकल्याचा घटक नसतो. म्हणून डॉक्टरांना याबद्दल आवर्जून विचारावे.

लसीकरणात मागे राहिलेल्या वस्त्यांत आजार कसा पसरतो, हे २०२२ च्या अखेरीस मालेगावात गोवरच्या साथीने दाखवले. सुरगाणा, पेठकडून द्राक्षबागांच्या कामासाठी निफाड, दिंडोरीत येणाऱ्या कुटुंबांनी बाळाचे लसीकरण कार्ड सोबत ठेवावे. डोस जवळच्या सरकारी केंद्रात मोफत मिळतो. एखादा चुकला, तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, तर डॉक्टरांना दाखवा. निदान झाल्यास योग्य प्रतिजैविक सुरू केल्यावर ५ दिवसांनी संसर्ग पसरण्याचा धोका संपतो, खोकला मात्र रेंगाळू शकतो. तोवर बाळापासून दूर राहा. बारशाला जायचे आहे आणि खोकला आहे? आशीर्वाद फोनवरूनच द्या. बाळाला भेटायला पुढे आयुष्य पडले आहे.