एक लिटर मुंबई

पहाटे 4:40

बुधवारी गजर लागत नाही. आई चहाचं आधण ठेवता ठेवता विचारते, "आज पंपिंगला ना?" मी हो म्हणते. ती डबा नेहमीच्या पिशवीत न ठेवता वेगळ्या पिशवीत ठेवते, तोंड बांधून. एकोणीस वर्षांत तिने मला कधी 'हे काम सोड' असं म्हटलेलं नाही. डब्याची पिशवी मात्र बुधवारी वेगळी असते.

बूट, जाड हातमोजे, ॲप्रन, चष्मा, बर्फाच्या चपट्या पिशव्या. एक लिटरची निर्जंतुक बाटली आणि तिच्यासोबत एक जास्तीची. लोकलला अजून बसायला जागा मिळते, एवढी ही वेळ लवकरची.

6:20

फाटकावरच्या पाटीवर 'मलजल उदंचन केंद्र' लिहिलंय. रिक्षावाल्याला तसं सांगितलं तर तो तोंडाकडे बघत राहतो. पंपिंग म्हटलं की थेट दारात आणून सोडतो. वास्तविक 'उदंचन' हा छान शब्द आहे, पाणी वर उचलणं. लाखो घरांचं मैलापाणी उताराने इथवर येतं, इथून ते उचलून पुढे ढकललं जातं. ते येतं त्या तोंडाशी लोखंडी गजांची जाळी आहे. तिच्यात प्लास्टिकच्या पिशव्या, चिंध्या, चपला, एखाद्या बाहुलीचं डोकं असं काय काय अडकतं. जाळी साफ करणारे काका माझ्याही आधी इथे नोकरीला लागले.

"मॅडम, वीस मिनिटं थांबा. पाणी अजून चढायचंय."

मी थांबते. आमच्या पुस्तिकेत 'सकाळच्या कमाल प्रवाहाच्या वेळी नमुना घ्यावा' एवढंच आहे. ती वेळ नेमकी कुठली, हे काकांना पाण्याच्या आवाजावरून कळतं. वस्त्यांमध्ये नळाला पाणी ठरलेल्या तासातच येतं. त्या तासात घरंच्या घरं उठतात, पिंपं भरतात, मुलांना आवरतात, संडासापुढे रांग लागते. मग ते सगळं पाणी गल्लीतून मोठ्या वाहिनीत आणि वाहिनीतून इथे. काका त्या लाटेची वाट बघतात. पाण्याची वेळ बदलली की नमुन्याची वेळही बदलायला हवी, हे मला त्यांनीच सांगितलं होतं.

सात वाजायच्या सुमारास ते मान हलवतात. दोरीला बांधलेली बादली खाली जाते, एकदा पाणी घेऊन विसळते, पुन्हा जाते. बाटली भरते. झाकण, बाहेरून पुसणं, लेबल, दुहेरी पिशवी, बर्फाची पेटी. वेळ, तापमान, काल पाऊस होता की नाही, असं सगळं फॉर्मवर. पाऊस जोराचा असला तर पाणी पातळ होतं, म्हणून नमुना पुढे ढकलतो.

हे पाणी का, असा प्रश्न मला लग्नाकार्यातही विचारला जातो. पोलिओचा विषाणू आतड्यात वाढतो. लागण झालेल्या साधारण दोनशे जणांमध्ये एकालाच लुळेपणा येतो. उरलेल्यांपैकी काहींना थोडा ताप येतो, बहुतेकांना तेवढंही होत नाही. अशी मुलं शाळेत जातात, मैदानावर खेळतात आणि कित्येक आठवडे शौचावाटे विषाणू बाहेर टाकत राहतात. दवाखान्यात लुळा पाय घेऊन एक मूल येतं तोवर विषाणूने गल्ली पालथी घातलेली असते. ते मूल येण्याआधी कळायचं असेल तर इथेच यावं लागतं. इस्रायलमध्ये 2013 साली एकही रुग्ण नसताना मैलापाण्यात पोलिओ सापडला. 2022 साली लंडनमध्ये सापडला, जुलै 2024 मध्ये गाझात. गाझात पुढच्याच महिन्यात एका बाळाचा पाय पोलिओने गेल्याचं निश्चित झालं.

8:15

पेटी मांडीवर. परळच्या आमच्या प्रयोगशाळेपर्यंतच्या रस्त्यात मी बहुधा झोपते, पण आज सिग्नलला गाडीशेजारी एक बाई मूल कडेवर घेऊन उभी होती आणि त्या मुलाच्या डाव्या करंगळीला पोलिओचा डोस घेतल्याची शाई होती. परवाच्या रविवारची.

मुंबईत मैलापाण्यातून पोलिओ शोधायला 2001 साली सुरुवात झाली. भारतात हे काम आधी याच शहरात उभं राहिलं. तेव्हा सापडलेल्या विषाणूंची नातीगोती तपासली तर त्यांचे भाऊबंद उत्तर प्रदेश-बिहारमध्ये निघत. विषाणू रेल्वेने येत होता, जशी माणसं येतात तसा, कामासाठी आलेल्या आईबापांच्या लेकरांसोबत. म्हणून मोठ्या स्टेशनांवर लस पाजणारी पथकं उभी राहिली. मुंबईच्या पाण्यात मूळ जंगली विषाणू शेवटचा मिळाला नोव्हेंबर 2010 मध्ये. देशातला शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 चा, हावडा जिल्ह्यातली एक लहान मुलगी. भारतासह आमचा सगळा आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र 27 मार्च 2014 ला मिळालं. त्या दिवशीही आमचे फ्लास्क इन्क्युबेटरमध्ये होते.

9:30

आधी कालच्या पाण्याकडे.

शीतखोलीत काचेचं मोठं फनेल रात्रभर उभं आहे. अर्धा लिटर मैलापाण्यात डेक्स्ट्रान आणि पॉलिइथिलीन ग्लायकॉल हे दोन पदार्थ मिठाच्या द्रावणासह घालून काल तासभर ढवळलं होतं. हे दोघे एकमेकांत मिसळत नाहीत. रात्रभर शांत ठेवलं की थर वेगळे होतात: वर मोठा थर, खाली बोटभर घट्टसर थर, मध्ये धूसर रेघ. विषाणू खालच्या थरात आणि त्या रेघेवर येऊन बसतात. तोटी किंचित उघडायची आणि थेंब थेंब खाली घ्यायचा. घाई केली की वरचं पाणी भोवऱ्यासारखं खाली शिरतं आणि आदला अख्खा दिवस वाया जातो. नव्या मुलींना मी हे काम लगेच देत नाही. तोटीपाशी बसायला लागणारा धीर सहा महिन्यांनी येतो, कुणाला त्याहून उशिरा.

अर्ध्या लिटरचे जेमतेम दहा मिलीलिटर होतात. त्यात क्लोरोफॉर्म घालून वीस मिनिटं जोरजोरात हलवायचं, म्हणजे जिवाणू मरतात. पोलिओच्या विषाणूला चरबीचं वेष्टन नसतं, त्यामुळे त्याला क्लोरोफॉर्म बाधत नाही. त्याचा हा चिवटपणाच आमच्या उपयोगी पडतो.

11:00

आजची बाटली. निम्मं पाणी गोठवून राखीव ठेवायचं, निम्मं सेंट्रिफ्यूजमध्ये. पुढचं सगळं कालच्यासारखंच.

1:30

डबा. पिठलं-भाकरी.

2:15

दिवसातला हा तास माझा.

फ्लास्कच्या तळाशी पेशींचा एकपदरी गालिचा पसरलेला असतो. आम्ही दोन प्रकारच्या पेशी वापरतो. एकीचं नाव आरडी. ती सात वर्षांच्या एका मुलीच्या स्नायूच्या कर्करोगातून 1960 च्या दशकाच्या शेवटी घेतलेली. त्या मुलीच्या पेशी आजही जगभर मुलांचे पाय वाचवायच्या कामी येतात. फ्लास्क हातात घेतला की मला अनेकदा तिची आठवण येते. दुसरी एल-20-बी, उंदराची पेशी. उंदराच्या पेशीत पोलिओला शिरता येत नाही. शास्त्रज्ञांनी तिच्यावर माणसाच्या पेशीचं दार बसवलं, पोलिओला जे ओळखीचं असतं नेमकं ते. म्हणून आरडीमध्ये अनेक विषाणू वाढतात, पण एल-20-बी बिघडली की कान टवकारायचे.

एका नमुन्याचे सहा फ्लास्क: पाच एल-20-बीचे, एक आरडीचा. 36 अंशांवर पाच दिवस, रोज सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. मग दुसरी फेरी, आणखी पाच दिवस. आज मागच्या आठवड्यातल्या नमुन्याचा चौथा दिवस. आरडी अपेक्षेप्रमाणे उद्ध्वस्त. एल-20-बीचे पहिले तीन फ्लास्क शाबूत, पेशी लांबट, एकमेकींना टेकलेल्या. चौथ्यात एका कोपऱ्यात दहा-बारा पेशी गोल होऊन चमकताहेत. दोन-तीन तळापासून सुटून तरंगताहेत.

मी नियंत्रण फ्लास्क बघते, ज्यात काहीच घातलेलं नाही. तो ठीक. पुन्हा चौथा. मग शेजारच्या मुलीला बोलावते आणि काही न सांगता बाजूला होते. तिने स्वतः बघावं.

"ताई, कोपऱ्यात... गोल झाल्यात."

"उद्या पुन्हा बघू. वाढलं तर हे आरडीवर चढवायचं."

इतक्या वर्षांनी माझं मन इथे शांत राहील असं वाटलं होतं. ते राहत नाही. लसीतला विषाणूही जिवंत असतो. तोही मुलांच्या आतड्यातून या पाण्यात येतो आणि पेशी अशाच बिघडवतो. बहुतेक वेळा तोच असतो. पण 'बहुतेक' हा शब्द अहवालात चालत नाही.

आमचं काम काहीच न सापडण्याचं आहे असं लोकांना वाटतं. माझा अनुभव वेगळा आहे. एखाद्या केंद्राच्या नमुन्यांत सलग काहीच मिळालं नाही, आरडीसुद्धा स्वच्छ राहिली, तर माझी झोप उडते. एवढ्या माणसांच्या पाण्यात आतड्यातला एकही विषाणू नसणं शक्यच नाही. म्हणजे बर्फ वितळला असणार, वेळ चुकली असणार, किंवा फनेलवर आमचा हात. निदान निम्म्या नमुन्यांत कुठला तरी आंत्रविषाणू मिळायलाच हवा, अशी कसोटीच आहे. क्षुल्लक मासे रोज लागताहेत हे दिसलं, तरच मोठा मासा आला नाही असं म्हणायचा हक्क मिळतो.

4:30

दुसऱ्या एका नमुन्याचे पीसीआरचे आलेख आले. सेबिन 3, लसीतला. पडद्यासमोर उभ्या चौघींनी श्वास सोडला.

प्रकार 2 चा आलेख सपाट आहे, आणि सगळ्यात आधी आम्ही तोच बघतो. जंगली प्रकार 2 जगातून गेल्याचं सप्टेंबर 2015 मध्ये जाहीर झालं आणि एप्रिल 2016 मध्ये तोंडाने देण्याच्या नेहमीच्या लसीतूनही तो काढला गेला. आता तो दिसला तर कुठून आला याचं उत्तर शोधावं लागतं, आणि तेही तासांत. तेव्हा विषाणूच्या जनुकांतला व्हीपी-1 हा भाग वाचायचा, सुमारे नऊशे अक्षरांचा. वर्षाला साधारण एक टक्का अक्षरं बदलतात. त्यामुळे किती अक्षरं बदलली यावरून हा विषाणू लसीतून सुटून किती काळ फिरतोय, हे मोजता येतं. मूल कुठलं ते कळत नाही. किती महिने आपल्या नजरेतून सुटलं ते कळतं.

6:00

आजचं फनेल शीतखोलीत. हातमोजे, पिपेटा, कालचे संपलेले फ्लास्क, सगळं ऑटोक्लेव्हमध्ये. फळ्यावर उद्याचं लिहिते: फनेल 9:30, फ्लास्क पाचवा दिवस, चौथा दोघींनी बघणे.

निघताना काकांचा फोन येतो. पुढच्या बुधवारी ते रजेवर आहेत, नातवाचं बारसं आहे. त्यांच्या जागी येणाऱ्या पोराला त्यांनी सांगून ठेवलंय.

"काय सांगितलंत?"

"पाणी चढल्याशिवाय बादली टाकू नको म्हणालो. आवाज पण ऐकवलाय त्याला."