धावपट्टीवरचा एक खड्डा

१९८२ सालच्या १ मे रोजी पहाटे ‘व्हल्कन’ जातीच्या एका ब्रिटिश बाँबफेकी विमानाने फॉकलंड बेटांवरील पोर्ट स्टॅन्लीच्या धावपट्टीवर हजार पौंडी २१ बाँब टाकले. असेन्शन बेटावरून ते सुमारे ६,३०० किलोमीटर उडून आले होते आणि तितकेच अंतर परत कापावयाचे होते. त्याला वाटेत इंधन पुरविण्याच्या कामी ११ ‘व्हिक्टर’ विमाने राबली. इतक्या खटाटोपानंतर २१ पैकी एकच बाँब धावपट्टीवर पडला आणि अर्जेंटिनाची मालवाहू विमाने पुढेही तेथे उतरतच राहिली. अणुबाँब वाहून नेण्यासाठी जन्मलेल्या व्हल्कनने शत्रूवर टाकलेले हे पहिलेच बाँब होते! दोनच वर्षांत, १९८४ मध्ये, ते सेवेतून निवृत्त झाले.

ब्रिटनच्या लांब पल्ल्याच्या बाँबफेकी विमानांच्या इतिहासाची ही अखेर आम्हांस बोधप्रद वाटते. त्याचा आरंभ तर आपल्या उपखंडाशीच निगडित आहे. बर्लिनवर हल्ला करण्यासाठी बांधलेले ‘हँडली पेज व्ही/१५००’ हे विमान १९१८ च्या युद्धविरामामुळे बेकार झाले. त्यांपैकी एक हिंदुस्थानात आणले गेले आणि २४ मे १९१९ रोजी त्याने काबूलमध्ये अमीराच्या राजवाड्यावर बाँब टाकले. जूनच्या आरंभी युद्धविराम झाला. दूरची प्रजा आकाशातून धाकात ठेवता येते, ही समजूत साम्राज्याच्या सूत्रधारांत बळावली. मात्र त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये रावळपिंडीच्या तहाने अफगाणिस्तानला आपला परराष्ट्रव्यवहार स्वतः पाहण्याचा अधिकार मिळाला, हेही विसरता येत नाही.

दुसऱ्या महायुद्धात या समजुतीने उग्र रूप धारण केले. फेब्रुवारी १९४२ पासून जर्मन नागरिकांचे, विशेषतः कामगारांचे, मनोधैर्य खचविणे हे अधिकृत धोरण झाले. ‘लँकेस्टर’ जातीची ७,३७७ विमाने बांधली गेली. १९४३ मध्ये हँबर्ग आणि १९४५ मध्ये ड्रेस्डेन होरपळून निघाले. बाँबफेकी दलातील ५५,५७३ वैमानिक व त्यांचे साथीदार प्राणांस मुकले. त्यांच्या शौर्याविषयी शंका नाही. परंतु शहरे जाळणे हे न्याय्य युद्ध होते काय, हा प्रश्न युद्ध चालू असतानाच, फेब्रुवारी १९४४ मध्ये, चिचेस्टरचे बिशप जॉर्ज बेल यांनी लॉर्डांच्या सभागृहात विचारला. त्यासाठी लागणारे धैर्यही थोडे नव्हते.

पुढे अणुयुग आले. १९४६ च्या कायद्याने अमेरिकेने अणुविद्येची दारे मित्रालाही बंद केली, तेव्हा ब्रिटनने आपला बाँब व तो वाहणारी विमाने स्वबळावर बांधण्याचा निश्चय केला. १९५१ मध्ये ‘व्हॅलियंट’, तर १९५२ मध्ये व्हल्कन आणि व्हिक्टर आकाशात झेपावले. एकाच कामासाठी तीन विमाने! ऑक्टोबर १९५६ मध्ये व्हॅलियंटने ऑस्ट्रेलियात अणुबाँब टाकून चाचणी घेतली. तथापि १ मे १९६० रोजी रशियाने अमेरिकेचे ‘यू-२’ हेरविमान पाडले आणि उंचावरून सुरक्षित जाण्याची कल्पना कोसळली. विमाने जमिनीलगत उडू लागली. व्हॅलियंटच्या पंखांचे आधार थकव्याने तडकले आणि १९६५ च्या जानेवारीत ते मोडीत निघाले. ज्या अमेरिकी ‘स्कायबोल्ट’ क्षेपणास्त्रावर भिस्त होती, ते अमेरिकेने डिसेंबर १९६२ मध्ये रद्द केले. अखेर १९६९ मध्ये अण्वस्त्रांचा पहारा पाणबुड्यांकडे गेला आणि त्या पाणबुड्यांतील ‘पोलारिस’ क्षेपणास्त्रेही अमेरिकेचीच होती. स्वावलंबनासाठी आरंभिलेला उद्योग परावलंबनात संपला!

गोमंतकीयांना या इतिहासाचे एक छोटे पान परिचित आहे. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय हवाईदलाच्या १२ ‘कॅनबेरा’ विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बाँब टाकले. कॅनबेरा लांब पल्ल्याचे नव्हे, पण ब्रिटिश घडणीचेच. विमानतळाच्या इमारतींना धक्का लावू नये, अशी वैमानिकांना ताकीद होती. धावपट्टी घाईने डागडुजी करून त्याच रात्री दोन विमाने तेथून निसटली, हे खरे. परंतु लक्ष्य धावपट्टी होते, गाव नव्हे. हँबर्ग आणि दाबोळी यांतील हा भेद केवळ बाँबच्या संख्येचा नाही. तो हेतूचा आहे, आणि गोवा मुक्त झाला तोही आकाशातून पसरविलेल्या दहशतीने नव्हे.

संरक्षणसिद्धता नको, असे आम्ही म्हणत नाही. दुबळ्याच्या अहिंसेला जग मान देत नाही, हे आम्ही जाणतो. तथापि शस्त्र कशासाठी, कोणावर आणि कोणाच्या भरवशावर, हे तीन प्रश्न ते घेण्यापूर्वी विचारले पाहिजेत. ज्या राष्ट्राने ते प्रतिष्ठेपायी टाळले, त्याच्या पदरी अखेर धावपट्टीवरचा एक खड्डा आला. आपल्या राज्यकर्त्यांनी त्या खड्ड्यात एकदा डोकावून पाहावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.