अल्पमोली स्प्रिंग-पिस्टन हवाई रायफल आणि नेमातील अचूकता : एक विवेचन

प्रस्तावना :

ग्रामीण महाविद्यालयांत नेमबाजी हा क्रीडाप्रकार अभावानेच आढळतो. साधनांची किंमत हे त्याचे कारण सांगितले जाते आणि ते खोटे नाही. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत वापरल्या जाणाऱ्या दाबयुक्त हवेच्या रायफलीची किंमत लाखांत मोजावी लागते. कुरुंदा (ता. वसमत, जि. हिंगोली) यासारख्या गावातून महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्याला परिचित असते ती जत्रेत फुगे फोडण्याची छऱ्याची बंदूक. ती खेळणे समजली जाते आणि नेम चुकला की दोष तिच्या स्वस्तपणाला दिला जातो. या दोषारोपात तथ्य किती, हे पदार्थविज्ञानाच्या आधारे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. अंजली भागवत मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयात शिकत असताना एन.सी.सी.मधून नेमबाजीकडे वळल्या आणि 2000 साली सिडनी ऑलिंपिकमध्ये 10 मीटर एअर रायफलच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचल्या. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटील यांनी 2022 साली कैरो येथे याच प्रकारात जागतिक अजिंक्यपद मिळविले. मुंबई-ठाण्यात जे घडते त्याची पहिली पायरी तरी वसमत तालुक्यात घडू शकेल काय, हे पुष्कळसे या स्वस्त बंदुकीकडून काय अपेक्षावे यावर अवलंबून आहे.

बंदुकीची रचना व तिचा मूळ दोष :

नळी मोडून खाली ओढली की आतील पिस्टन मागे सरकतो, स्प्रिंग दाबली जाते आणि खटक्यात अडकते. चाप ओढताच पिस्टन वेगाने पुढे धावतो, समोरची हवा दाबतो आणि ती हवा छऱ्याला नळीतून बाहेर ढकलते. येथपर्यंत सर्वांना ठाऊक असते. सहसा दुर्लक्षित राहणारी बाब अशी की, छर्रा जागचा हलतो तेव्हा पिस्टनाचा बहुतेक प्रवास संपलेला असतो. दारूच्या बंदुकीत गोळी व धक्का एकाच वेळी सुरू होतात. येथे मात्र छर्रा निघण्यापूर्वीच बंदूक हललेली असते.

ती किती हलते, याचा अंदाज संवेग अक्षय्यतेच्या नियमाने बांधता येतो. बंदुकीचे एकूण वजन 3 किलो, त्यांपैकी पिस्टन व त्याच्यासोबत सरकणारा स्प्रिंगचा भाग मिळून 300 ग्रॅम आणि पिस्टनाचा प्रवास 8 सेंमी मानू. बंदूक मोकळी असेल तर ती 8 मि.मी. मागे सरकेल. मग पिस्टन हवेच्या उशीवर आदळून थांबतो आणि बंदूक पुढे हिसका घेते. असा दुहेरी धक्का काही सहस्रांश सेकंदांत बसतो व त्याच दरम्यान छर्रा नळीतून प्रवास करीत असतो. मानवी प्रतिक्रियेचा वेग पाहता हा धक्का आवरणे कोणालाही शक्य नाही. तो दर वेळी सारखाच बसेल एवढीच व्यवस्था करता येते. स्वस्त बंदुकीच्या अचूकतेचे सारे मर्म या एका गोष्टीत आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

या निदानाला इतिहासाचाही आधार मिळतो. 10 मीटर एअर रायफलचा ऑलिंपिकमध्ये 1984 साली समावेश झाला. त्यापूर्वीच जर्मनीच्या फाइनवेर्कबाऊ कंपनीने आपल्या स्पर्धा-रायफलीत संपूर्ण यंत्रणा दस्त्यावरील रुळांवर सरकेल अशी सोय केली होती, जेणेकरून यंत्रणा मागे गेली तरी दस्ता खांद्याशी स्थिर राही. डायना कंपनीने विरुद्ध दिशांनी धावणारे दोन पिस्टन बसविले. महाग स्प्रिंग बंदुकीची किंमत बऱ्याच अंशी या एका व्याधीच्या उपचाराची किंमत होती. स्वस्त बंदूक वापरणाऱ्याला तोच उपचार स्वतःच्या हातांनी करावा लागतो.

पकड :

नवशिका विद्यार्थी बंदूक घट्ट आवळतो, कारण धक्का बसणार हे त्याला माहीत असते. आवळण्याचा जोर मात्र दर वेळी वेगळा असतो. परिणामी बंदुकीची हालचालही वेगळी होते आणि छर्रे विखुरतात. म्हणून पकड सैल हवी. डावा तळवा उघडा ठेवून त्यावर बंदुकीचा पुढचा भाग नुसता टेकवावा, बोटांनी धरू नये. दस्ता खांद्याला हलकेच लागलेला असावा. तळवा दर वेळी एकाच जागी यावा यासाठी दस्त्याच्या खालच्या बाजूस चिकटपट्टीची खूण करून ठेवणे हा अत्यंत साधा व तितकाच परिणामकारक उपाय आहे. टेबलाची कड, भिंत किंवा खिडकीची चौकट यांवर बंदूक टेकवल्यास नेम सुधारेल असे वाटते. प्रत्यक्षात कठीण पृष्ठभागावरून ती उसळते आणि छर्रे भलतीकडे जातात.

स्वस्त बंदुकीचा चाप जड व लांब पल्ल्याचा असतो. तो सावकाश, सारख्या दाबाने ओढावा आणि छर्रा सुटल्यावरही क्षणभर नेम धरून तसेच थांबावे. चाप हलका करण्यासाठी आतील खटका कानशीने घासण्याचा उद्योग कदापि करू नये. नळी मोडलेली असताना खटका सुटल्यास नळी झटक्याने मिटते व बोटे चिरडतात. छर्रा भरताना दुसऱ्या हाताने नळी धरून ठेवणे याचसाठी आवश्यक आहे.

छर्रा, तेल आणि मळसूत्रे :

छर्रा शिशाचा, कमरेत बारीक व मागे पोकळ घेर असलेला असतो. स्वस्त डबीतील कित्येक छऱ्यांचा घेर चेपलेला आढळतो. ते आधी बाजूला काढावेत. वजनातही फरक असतो. हळदीच्या अडतीवरील काटा येथे कामाचा नाही, परंतु रसायनशास्त्र विभागातील मिलिग्रॅम दाखविणारा तराजू प्रत्येक महाविद्यालयात असतो. सुमारे अर्ध्या ग्रॅमच्या छऱ्यांची शतांश ग्रॅमच्या फरकाने वर्गवारी करणे हे एका तासिकेचे काम आहे. छर्रा 180 मीटर प्रतिसेकंद वेगाने निघाला, तर हवेचा रोध सोडून 10 मीटर अंतरात तो सुमारे 15 मि.मी. खाली येतो, वेग 170 झाला तर सुमारे 17 मि.मी. वजन व घेर यांतील विषमता अशी थेट लक्ष्यावर उमटते. (छर्रे तोंडात धरण्याची सवय कोठे दिसल्यास ती तत्काळ मोडावी. शिसे विषारी आहे आणि सरावानंतर हात धुणे अनिवार्य आहे.)

तेलाबाबत आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. यंत्र म्हटले की तेल द्यायचेच, ही शेतीअवजारांची सवय येथे घातक ठरते. वेगाने दाबलेली हवा क्षणात अतिशय तापते. डिझेल इंजिनात ठिणगीवाचून इंधन पेटते ते याच तत्त्वाने. दाबकक्षात तेल असल्यास ते असेच पेटते, धूर येतो, मोठा आवाज होतो आणि छर्रा कधी जास्त तर कधी कमी वेगाने जातो. विद्यार्थ्यांना याचे कौतुक वाटते, पण नेमाचा त्यात नाश होतो. नवी बंदूक अनेकदा तेलाने माखलेलीच मिळते. नळी कापडाने पुसून घ्यावी आणि सुरुवातीचे छर्रे नेमाच्या हिशेबात धरू नयेत. छर्रा न भरता चाप ओढणेही टाळावे, कारण तेव्हा पिस्टनापुढे हवेची उशी उरत नाही व तो धातूवर आदळतो.

दुहेरी धक्क्याने दस्त्याची मळसूत्रे हळूहळू सैल होतात. प्रत्येक सरावापूर्वी ती पेचकसाने तपासावीत. बंद केलेली नळी हाताने डावी-उजवीकडे हलत असेल, तर बिजागरीचा बोल्ट आवळल्याशिवाय पुढील सारे श्रम व्यर्थ आहेत. याच धक्क्याने स्वस्त दुर्बीण बिघडते. दहा मीटरसाठी ती नकोच. मागची खाच व पुढची माशी यांत 40 सेंमी अंतर असेल, तर माशी 0.1 मि.मी. सरकल्यास लक्ष्यावर 2.5 मि.मी. चूक होते. म्हणून डोळा माशीवर स्थिर हवा. लक्ष्य किंचित अस्पष्ट दिसले तरी हरकत नाही.

मोजमाप :

एका छऱ्यावरून खाच फिरविणे ही सर्वत्र दिसणारी चूक आहे. पाच छर्रे सोडावेत, त्यांचा मध्य काढावा आणि मगच खाच हलवावी. छर्रे एकमेकांजवळ पण लक्ष्यापासून दूर पडत असतील, तर बंदूक व नेमबाज दोघेही उत्तम आहेत, केवळ खाच चुकली आहे. उलट विखुरलेल्या छऱ्यांवर खाच फिरविण्याचा उपयोग नाही. सांख्यिकीच्या अध्यापकांना हे सांगणे नको की, सर्वांत दूरच्या दोन छिद्रांमधील अंतर छर्रे वाढतील तसे वाढतच जाते. तीन छऱ्यांच्या गटाची दहांच्या गटाशी तुलना करून शाबासकी देणे योग्य नव्हे. मध्यापासूनच्या सरासरी अंतराची नोंदवही ठेवावी.

अधिकृत 10 मीटर लक्ष्याचा काळा भाग 30.5 मि.मी. व्यासाचा, नऊ गुणांचे वर्तुळ 5.5 मि.मी. आणि दहाचा ठिपका अवघा 0.5 मि.मी. असतो. उपरोक्त दक्षता घेतल्यास साध्या बंदुकीचे सर्व छर्रे काळ्या भागात राहावेत, ही अपेक्षा रास्त आहे. ठिपक्याचा सातत्याने वेध तिच्याकडून होणार नाही. ज्या विद्यार्थ्याचे छर्रे महिनोन्महिने काळ्याच्या मध्याशी दाटत आहेत, त्याच्यासाठी विद्यापीठ वा जिल्हा पातळीवर चांगल्या रायफलीची मागणी करताना ही नोंदवहीच पुरावा म्हणून पुढे ठेवता येते.

शस्त्र नियम, 2016 नुसार 4.5 मि.मी. व्यासापर्यंतच्या व 20 ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या हवाई बंदुकीस परवाना लागत नाही; वर गृहीत धरलेल्या छऱ्याची ऊर्जा सुमारे 8 ज्यूल येते. तथापि डोळा निकामी करण्यास ती पुरेशी आहे. लक्ष्यामागे जुने कापड ठासून भरलेली जाड लाकडी पेटी असावी; दगडी भिंतीवरून छर्रा परत येतो. सर्वांनी चष्मा लावावा. आणि होला, पारवा, तितर यांवर नेम धरण्याचा मोह विद्यार्थ्यांना होतोच, तेव्हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 पहिल्याच तासाला वाचून दाखवावा, बंदूक हाती देण्याआधी.