हिरवळीची कात्री

इंग्लंडमधल्या स्ट्राउडच्या लोकरी गिरण्यांत कापडावर उठलेली लव फिरत्या पात्यांच्या यंत्राने सारखी करत. त्याच युक्तीने गवत कापता येईल, हे एडविन बडिंगने ओळखलं आणि १८३० मध्ये पहिल्या लॉनमोअरचं पेटंट घेतलं. आजही गोल्फच्या ग्रीनवर गवत जेमतेम तीन मिलिमीटर राखायचं, तर याच घडणीचं रील मोअर लागतं.

रिळावर पिळदार पाती असतात; घरगुती यंत्रात साधारण पाच, ग्रीनच्या यंत्रात अकरा किंवा त्याहून अधिक. खाली एक सरळ, स्थिर पातं. गवत या दोहोंमध्ये सापडतं आणि पिळामुळे काप एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जातो, कात्री मिटते तसा. म्हणून इथे एकट्या पात्याच्या धारेला अर्थ नाही. दोन धारांची भेट जुळली पाहिजे.

ती जुळली की नाही, हे वर्तमानपत्राची पट्टी सांगते. इंजिन बंद करून, स्पार्क प्लगची वायर काढून, हातमोजे घालून रीळ हळूच फिरवायचं. पट्टी डावीकडे, मध्ये, उजवीकडे, सगळीकडे स्वच्छ कापली गेली पाहिजे. सैल जुळणीत गवत नुसतं दुमडतं किंवा फाटतं. फाटलेली टोकं तपकिरी पडतात आणि रोगाला वाट मिळते. फार घट्ट केलं तर पाती तापून झिजतात. एकच बाजू आवळली तर रीळ हळूहळू शंकूसारखं होतं. खालच्या पात्याला खाच पडली, की हिरवळीवर न कापलेल्या गवताची रेघ उमटते.

धार किंचित उतरली असेल, तर बॅकलॅपिंग पुरतं. यंत्रावर रीळ उलटं, संथ फिरवायचं आणि लांब दांड्याच्या ब्रशने सिलिकॉन कार्बाइडची पेस्ट लावायची. घासण्याचा आवाज मंदावला की जुळणी किंचित आवळायची. शेवटी पेस्टचा कणही उरू नये इतकं धुवायचं, नाहीतर झीज चालूच राहते. मग खालच्या पात्याच्या पुढच्या बाजूची कोर कानशीने साफ करायची.

धार गोलावली किंवा रीळ वाकडं झिजलं, तर मात्र ग्राइंडरच हवा. रीळ पुन्हा नेमकं गोल होतं, धारेमागचं जादा लोखंड निघतं. ते काम जाणत्या मिस्त्रीचंच. खत-पाण्यावर सढळ खर्च करणाऱ्या क्लबांनी या मिस्त्रीलाही माळ्याइतकाच मान द्यावा. माळ्याने जोपासलेलं गवत निरोगी राहणं त्याच्या हातावरही अवलंबून असतं.