व्हॉल्व्ह का मिळेनात?

जुन्या लाकडी रेडिओचे बटण फिरवले की तो लगेच बोलत नसे. अर्धे-एक मिनिट थांबावे लागे. मागच्या पुठ्ठ्याच्या भोकांतून पाहिले, तर आतल्या काचेच्या नळ्यांत तांबूस उजेड वाढताना दिसे आणि मग आवाज येई. त्या नळ्या म्हणजे निर्वात नलिका. दुरुस्ती करणारे त्यांना ‘व्हॉल्व्ह’ म्हणत. नव्या रेडिओंतून ते केव्हाच गेले. मग मार्च २०२२ मध्ये अमेरिका-युरोपातील गिटारवादक व्हॉल्व्हसाठी दुकाने का धुंडाळत होते? याचे अर्धे उत्तर भौतिकशास्त्रात आहे आणि अर्धे कारखान्यात.

तापलेला धातू आणि जाळी

धातू पुरेसा तापला की त्यातील काही इलेक्ट्रॉन पृष्ठभागाबाहेर पडतात. पाणी तापल्यावर वाफेचे रेणू सुटतात, साधारण तसेच. हवेत मात्र ते रेणूंवर आपटून अडतात आणि तापलेला धातूही जळून जातो. म्हणून नळीतील हवा काढून टाकावी लागते. १९०४ मध्ये इंग्रज शास्त्रज्ञ जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांनी अशा नळीत दोन अग्रे वापरली. तापलेल्या ऋणाग्राकडून धनाग्राकडे इलेक्ट्रॉन जात, उलट येत नसत. एकाच दिशेने वाट देणारी झडप, म्हणून ‘व्हॉल्व्ह’ हे नाव.

१९०६ मध्ये अमेरिकेतील ली डी फॉरेस्ट यांनी या दोहोंच्या मध्ये तारेची जाळी बसवली. कालव्याचे दार आठवा. ते वरखाली करायला एक माणूस पुरतो, पण त्यातून सुटणारे पाणी शेकडो एकर भिजवते. जाळी हे असेच दार आहे. ती ऋणाग्राच्या अगदी जवळ असल्यामुळे तिच्या विभवातील लहानसा बदलही मोठा प्रवाह कमी-जास्त करतो. १२एएक्स७ या प्रसिद्ध व्हॉल्व्हमध्ये जाळीवर १ व्होल्टचा फरक केला, तर प्रवाहावर होणारा परिणाम धनाग्रावर सुमारे १०० व्होल्टचा फरक करण्याइतका असतो. क्षीण संकेत मोठा होतो तो असा.

ट्रान्झिस्टर आला, तरी...

१९४७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्मला. त्याला तापवावे लागत नाही, काच फुटण्याची भीती नाही, वीजही थोडी लागते. रेडिओतून व्हॉल्व्ह गेले, यात नवल नाही. मग गिटारवादकाने ते का धरून ठेवले?

वहीवर एक गोलसर लाट काढा. विवर्धकाला झेपेल त्याहून मोठा संकेत दिला, की लाटेचा माथा कापला जातो. अनेक ट्रान्झिस्टर-मंडलांत तो पट्टीने रेघ मारावी तसा सपाट कापला जातो आणि कडेला धारदार कोपरे उरतात. व्हॉल्व्हच्या विवर्धकात माथा हळूहळू दबतो, कोपरे गोल राहतात. लाटेचा आकार बदलला की मूळ वारंवारतेच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेचे स्वर तिच्यात मिसळतात. कोपरा जितका धारदार, तितके वरच्या पटींतील स्वर अधिक आणि आवाज तितका कर्कश. म्हणजे कानाला जाणवणारा फरक हा नुसता भ्रम नव्हे. विद्युत्-गिटार वाजवणारे विवर्धकावर मुद्दाम जादा भार टाकून हा दबलेला, भरीव आवाज मिळवतात. आज संगणकाने त्याची चांगली नक्कल करता येते. तरी अनेकांना अस्सल व्हॉल्व्हच हवा असतो. आणि व्हॉल्व्ह झिजतो. ऋणाग्राची इलेक्ट्रॉन सोडण्याची शक्ती वापराने घटत जाते, म्हणून तो पुनःपुन्हा विकत घ्यावा लागतो.

मोजकेच कारखाने

ही मागणी पुरवणारे मोठे कारखाने जगात मोजकेच उरले होते : रशियात सारातोव्ह, स्लोव्हाकियात चाद्त्सा आणि चीनमध्ये एखाद-दुसरा. चीनचा पुरवठा आधीच अनियमित झाला होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. पाश्चात्त्य देशांनी निर्बंध घातले आणि उत्तरादाखल रशियाने मार्चमध्ये दोनशेहून अधिक प्रकारच्या मालाची निर्यात रोखली. सारातोव्हचे व्हॉल्व्ह त्यात अडकले. वेगवेगळ्या नावांच्या खोक्यांतून विकले जाणारे कितीतरी व्हॉल्व्ह या एकाच कारखान्यातून येत, हे तेव्हा अनेकांना उमगले. काही आठवड्यांत निर्यातीची वाट मोकळी झाली, पण अमेरिकेत आयातकर वाढला आणि किमती चढल्या.

मग दुसरीकडे नवा कारखाना का काढू नये? येथे खरी अडचण आहे. निकेलच्या बारीक नळीवर बेरियम, स्ट्राँशियम यांच्या संयुगांचा लेप द्यायचा. निकेलमध्ये नको ते द्रव्य किंचित आले तरी ऋणाग्र बिघडते. केसासारख्या तारेची जाळी मिलिमीटरच्या अंशाइतक्या अंतरावर नेमकी बसवायची. हवा काढून काच बंद करायची. उरलेसुरले वायू शोषण्यासाठी आत बेरियम उडवायचे. यातील बरेच काम नजर बसलेले हात करतात आणि त्यासाठीची यंत्रेही बहुतांशी जुनीच आहेत. सूत्रे पुस्तकात मिळतात. हे हात आणि ही यंत्रे पुस्तकात मिळत नाहीत. आपल्याकडे बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनत. मागणी संपली तसे ते काम थांबले. आता ते पुन्हा उभे करायचे तर जवळजवळ पहिल्यापासून शिकावे लागेल.

तुमच्या गावातील रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे एखादा सुटा, टाकाऊ व्हॉल्व्ह मिळाला, तर हाती घेऊन पाहा. (जोडलेला संच मात्र उघडू नका, आत दोन-तीनशे व्होल्ट असतात आणि बटण बंद केल्यावरही धारित्रात भार राहतो.) काचेवर आतून चंदेरी आरशासारखा डाग दिसेल. तो त्या बेरियमचा. डाग अजून चंदेरी असेल, तर निर्वात शाबूत आहे. तो दुधासारखा पांढरा झाला असेल, तर कोठून तरी हवा आत शिरली असे समजा.