आईसाठी छोटं रिव्हॉल्व्हर निवडताना: सगळ्यात हलकं तेच सगळ्यात सोपं, असं नसतं

नवा फोन घेताना आपण काय बघतो? वजन कमी, जाडी कमी, खिशात बसेल असा. आज ज्या यंत्राबद्दल लिहिते आहे, त्याला हा हिशोब लावला तर घोटाळा होतो.

मी अमेरिकेत, टेक्ससमध्ये ह्यूस्टनजवळ राहते. माझी आई ६९ वर्षांची आहे, अमेरिकेची नागरिक आहे आणि आमच्या छोट्या किराणा दुकानाचं शटर अजूनही रोज रात्री स्वतः बंद करते. गल्ला पिशवीत, पार्किंगमध्ये अंधार, सोबत कुणी नाही. गेल्या वर्षी ती म्हणाली, "मला एक छोटं रिव्हॉल्व्हर बघून दे. पर्समध्ये मावेल असं." पुढचे दोन महिने मी वाचत होते, विचारत होते, आणि आम्ही दोघी शूटिंग रेंजवर जात होतो. त्यातून जे समजलं ते सोप्या भाषेत सांगते.

आधी कायदा, मग मॉडेल

हे पहिल्यांदा वाचा, कारण आपल्या लोकांची गडबड इथेच होऊ शकते. अमेरिकेत नागरिक आणि ग्रीन कार्डधारक बंदूक बाळगू शकतात. पण एच-१बी, एफ-१ किंवा बी-२ अशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतूस जवळ ठेवणं हा तिथल्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, तेवढेच. म्हणजे सहा महिन्यांसाठी पुण्याहून आलेल्या बाबांच्या उशाशी "असू दे सोबतीला" म्हणून रिव्हॉल्व्हर ठेवून देणं चालत नाही.

टेक्ससमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या पात्र व्यक्तीला परवान्याशिवाय हँडगन जवळ बाळगता येते. तरीही आईने लायसन्स काढलं. त्यासाठी वर्ग असतो आणि नेमबाजीची परीक्षा असते: ३, ७ आणि १५ यार्डांवरून ५० गोळ्या, २५० पैकी किमान १७५ गुण. ही परीक्षाच सांगते की हातातली वस्तू आपल्याला झेपते का. आणि हो, राज्य बदललं की नियम बदलतात. टेक्ससचं लायसन्स कॅलिफोर्नियात किंवा न्यू जर्सीत चालत नाही.

खरेदीच्या वेळी आईलाच दुकानात घेऊन जा. फॉर्म तिने भरायचा, पार्श्वभूमी तपासणी तिच्या नावाने व्हायची. दुसऱ्यासाठी घेत असताना "माझ्यासाठीच घेतोय" असं फॉर्मवर लिहिणं हा वेगळा गुन्हा ठरतो.

रिव्हॉल्व्हरच का?

पिस्तुलात गोळी नळीत आणायला वरची स्लाइड मागे खेचावी लागते. तिच्या आत घट्ट स्प्रिंग असते. आईच्या उजव्या अंगठ्याला संधिवात आहे, त्यामुळे ती स्लाइड तिला अर्धीच खेचता येत होती. रिव्हॉल्व्हरमध्ये हा प्रकार नाही. चक्री बाजूला काढायची, काडतुसं भरायची, चक्री बंद करायची. एखादं काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा चाप ओढायचा. चक्री फिरून पुढचं काडतूस समोर येतं.

पण या साधेपणाची किंमत चापावर मोजावी लागते. एकाच ओढीत चक्री फिरवायची, घोडा मागे न्यायचा आणि सोडायचा, हे सगळं काम तुमचं एक बोट करतं. छोट्या रिव्हॉल्व्हरचा चाप ओढायला साधारण साडेचार ते साडेपाच किलोचा जोर लागतो. रिव्हॉल्व्हरचं स्वतःचं वजन मात्र ४०० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे वस्तूच्या वजनाच्या दहापटीहून जास्त जोर बोटाने लावायचा आणि नळी जराही हलू द्यायची नाही. करून बघा म्हणजे कळेल!

काही रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा अंगठ्याने आधी मागे ओढता येतो, मग चाप हलका होतो. पण बाहेर आलेला घोडा ओढणीत किंवा पर्सच्या अस्तरात अडकतो. म्हणून लपवून बाळगायच्या मॉडेलमध्ये तो बहुतेक वेळा आतच झाकलेला असतो.

ज्यांचं बोट अशक्त आहे पण मनगट ठीक आहे, त्यांनी पिस्तुलाकडे पुन्हा एकदा बघावं. स्मिथ अँड वेसनचं .३८० शील्ड ईझी मुद्दाम हलक्या स्लाइडसाठीच बनवलेलं आहे. "म्हाताऱ्या माणसाला रिव्हॉल्व्हरच बरं" हा सल्ला सरसकट खरा नाही.

धक्क्याचं गणित

आता शाळेतलं फिजिक्स आठवा. गोळी जितक्या संवेगाने पुढे जाते, तितक्याच संवेगाने बंदूक मागे येते. बंदूक हलकी असेल तर ती जास्त वेगाने मागे येते आणि तळहाताला जास्त ऊर्जा सोसावी लागते.

.३८ स्पेशल जातीची ८.४ ग्रॅमची गोळी सेकंदाला २४० मीटर वेगाने सुटते असं धरू. संवेग झाला साधारण २. बारुदाचा वायू बाजूला ठेवून ढोबळ हिशोब असा:

- ४०० ग्रॅमचं हलकं रिव्हॉल्व्हर: हाताला साधारण ५ ज्यूल
- ६५० ग्रॅमचं स्टीलचं रिव्हॉल्व्हर: साधारण ३ ज्यूल
- ४८० ग्रॅमचं रिव्हॉल्व्हर, पण .३२ लाँग जातीची ६.४ ग्रॅमची गोळी २२० मीटर वेगाने: साधारण २ ज्यूल

बघा, वजन वाढवून धक्का कमी होतो, आणि काडतूस बदलून त्याहूनही कमी होतो. दुकानात काउंटरवर हे कळत नाही. तिथे सगळ्यात हलकं तेच हातात छान वाटतं. रेंजवर पाच गोळ्या झाडल्या की मत बदलतं.

आईचं तसंच झालं. तिने आधी स्मिथ अँड वेसनचं ६४२ मॉडेल घेतलं. हे १९५० साली आलेल्या 'चीफ्स स्पेशल'च्या घराण्यातलं, पाच गोळ्यांचं आणि अॅल्युमिनियमच्या सांगाड्याचं. तिसऱ्या गोळीनंतर तिने ते खाली ठेवलं आणि म्हणाली, "अगं, ज्याची मलाच भीती वाटते, ते घेऊन मी काय करू?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. जे माणूस सरावासाठी उचलणारच नाही, ते वेळेला हातात असून नसल्यासारखं.

स्टीलचं .३८ तिला झेपलं, पण दिवसभर पर्समध्ये जड वाटलं. मग इन्स्ट्रक्टरने रूगर एलसीआरचं .३२७ मॉडेल दिलं. एलसीआर २००९ मध्ये बाजारात आलं, आणि त्याच्या चापात घर्षण कमी करणारा कॅम आहे, त्यामुळे ओढ एकसारखी लागते. त्यात सहा काडतुसं बसतात आणि .३२७ शिवाय सौम्य अशी .३२ एच अँड आर आणि .३२ लाँग काडतुसंही चालतात. आईच्या सहाही गोळ्या सात यार्डांवरून ताटाएवढ्या जागेत बसल्या. तिने तेच घेतलं.

तोटे पण सांगते. .३२ लाँगची ताकद .३८ पेक्षा कमी आहे, काडतुसं महाग आहेत आणि प्रत्येक दुकानात मिळत नाहीत. .२२ त्याहून सौम्य असतं, पण त्याचं काडतूस कडेवर आघात होऊन पेटतं. त्यामुळे चाप बहुधा आणखी जड असतो आणि काडतूस फुसकं निघण्याचा संभव जास्त.

डोळे, पर्स आणि फिंगरप्रिंट

वयानुसार जवळचं धूसर दिसतं, आणि छोट्या रिव्हॉल्व्हरची माशी तर अगदी बारीक असते. पुढे मोठा, ठळक रंगाचा ठिपका असलेली माशी बसवून घेता येते. मुठीत लेझर असलेली मॉडेल्सही मिळतात, पण बॅटरी आली की तारीख लक्षात ठेवणं आलं.

सलवार-कमीजला ना पट्टा, ना धड खिसा. म्हणून पर्स. पण सुट्टं रिव्हॉल्व्हर चाव्या-रुमालात टाकायचं नाही. वेगळा कप्पा हवा आणि चाप पूर्ण झाकणारं कडक होल्स्टर हवं. आणि पर्स हिसकावली गेली तर शस्त्रही गेलं, हे धरून चाला.

विमानतळावर जाताना पर्स बदला! अमेरिकेच्या विमानतळ सुरक्षा यंत्रणेला २०२३ मध्ये प्रवाशांच्या हातातल्या सामानात ६,७३७ बंदुका सापडल्या. "विसरलो" म्हणून दंड माफ होत नाही.

आता आपल्या ओळखीची गोष्ट. आईच्या फोनचं फिंगरप्रिंट लॉक दहातून चार वेळा उघडतच नाही. वयाने त्वचा कोरडी होते, बोटाच्या रेषा झिजतात, सेन्सरला ठसा नीट मिळत नाही. बंदुकीच्या बायोमेट्रिक पेटीत सेन्सरची हीच अडचण येते. आम्ही बटणं दाबून उघडणारी यांत्रिक पेटी घेतली. बॅटरी नाही, अॅप नाही. घरी आली की रिव्हॉल्व्हर थेट पेटीत, कारण शनिवारी माझी मुलं आजीच्या पर्समध्ये चॉकलेट शोधतात.

जे बोलायला जड जातं

अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. एकटेपण, नुकतंच गेलेलं माणूस, लांबलेलं आजारपण, झोप नसणं: यातलं काही आई-बाबांच्या वाट्याला आलं असेल तर घरात बंदूक आणूच नका, आणि असेल तर काही काळ बाहेर ठेवा. बोलण्यासाठी तिथे ९८८ हा क्रमांक आहे.

विसरभोळेपणाचंही तसंच. गाडीची चावी कधी सोडायची हे जसं घरात ठरवावं लागतं, तसंच हे. मी आईला स्पष्ट विचारलं, "तुझ्या लक्षात राहीनासं झालं तर कुणी सांगितलेलं तू ऐकशील?" ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "तुझं नाही ऐकणार. तुझ्या मावशीचं ऐकेन." तसं आम्ही कागदावर लिहून ठेवलं. मावशीला फोन करून सांगितलंही.

आणि रिव्हॉल्व्हर हा पहिला उपाय नाहीच. दुकानामागे दिवा लावला, गल्ला रात्रीऐवजी दुपारी बँकेत जाऊ लागला, फोनवर एसओएस सुरू केलं. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर पॉवर बटण पाच वेळा पटापट दाबलं की ते चालू होतं. आज रात्रीच आई-बाबांच्या फोनमध्ये तपासा.

महाराष्ट्रात असाल तर

आपल्याकडे शस्त्र कायदा, १९५९ लागू आहे. परवान्याशिवाय बंदूक नाही, आणि परवान्यासाठी जिवाला धोका असल्याचं कारण पटवून द्यावं लागतं. अर्ज जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्तांकडे. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ मध्ये महिलांना समोर ठेवून 'निर्भीक' हे .३२ चं, ५०० ग्रॅमचं रिव्हॉल्व्हर आणलं होतं. हलकं म्हणून त्याचं कौतुक झालं, पण धक्क्याचं गणित कानपुरात आणि ह्यूस्टनमध्ये एकच!

घेण्याआधी हे करून बघा

१. रिकामी असल्याची खात्री करून, नळी सुरक्षित दिशेला ठेवून, डमी काडतुसांवर दहा वेळा चाप ओढायला सांगा. नळी हलते का बघा.
२. चक्री उघडून रिकामी टरफलं बाहेर काढणं त्या हातांना जमतं का?
३. रेंजवर भाड्याने किमान तीन मॉडेल्स झाडून बघा, प्रत्येकी पाच गोळ्या.
४. दुसऱ्या दिवशी सकाळी मनगट दुखतंय का, ते विचारा.
५. महिन्यातून एकदा सरावाला सोबत जाणार असाल तरच घ्या.

आम्ही महिन्याच्या पहिल्या रविवारी जातो. गोळ्या ५०, नंतर चहा. मॉडेल आईने निवडलं, माझं काम आकडे समोर ठेवण्याचं होतं. तुम्हीही तेवढंच करा, कारण चाप ओढणारं बोट त्यांचं आहे.