बंद केल्यावर तापणारं इंजिन

डिझेलला ठिणगी लागत नाही. हवा करकचून दाबली की ती तापते, त्यात डिझेलचा फवारा सोडला की भडका. हाताने ‘स्टॉप’ ओढायची जुनी डिझेल गाडी म्हणूनच एकदा सुरू झाली की विजेवाचून चालत राही.

अमेरिकेत जनरल मोटर्सने मात्र १९९४ पासून पिकअपच्या ६.५ लिटर टर्बो डिझेलला स्टॅनाडाइनचा इलेक्ट्रॉनिक पंप दिला. आठ सिलिंडर आणि डिझेल मोजायला पंपात एकच विजेरी झडप! मिनिटाला ३००० फेरे धरा: प्रत्येक सिलिंडरला सेकंदात २५ फवारे, म्हणजे त्या एका झडपेची २०० वेळा उघडझाप. ती हलवतो पंपाच्या कुशीला स्क्रूने बसवलेला, तळहातावर मावेल एवढा ड्रायव्हर मॉड्यूल. झडप नेमकी कोणत्या क्षणी बसली, हेही तो प्रवाहातल्या बारीकशा बदलावरून ताडतो. मला तर हेच सगळ्यात अचाट वाटतं.

एवढ्या प्रवाहाची तोडजोड करताना त्याचे ट्रान्झिस्टर तापतात. पंपातून वाहणारं डिझेल ती उष्णता नेईल, असा हिशेब होता आणि गाडी पळत असेतो तो बरासा जमायचाही. पण पंपाची जागा व्ही-आकाराच्या इंजिनाच्या खोबणीत, इनटेक मॅनिफोल्डखाली. किल्ली फिरवली की पंखा थांबतो, पाणी थांबतं, डिझेलही थांबतं. तापलेलं बिडाचं धूड मात्र उष्णता सोडतच राहतं. त्यामुळे मॉड्यूलला खरी धग लागते ती इंजिन बंद झाल्यावर. रोजच्या या तापण्या-निवण्याने आतले जोड थकतात. मग चालती गाडी अचानक बंद पडते आणि जरा निवली की काही झालंच नाही अशी सुरू होते. मेकॅनिकपुढे नेईपर्यंत दुखणं गायब!

उपाय अगदी साधा: मॉड्यूल तिथून उचलायचा, जाड पंखांच्या अ‍ॅल्युमिनियम हीटसिंकवर थर्मल पेस्ट लावून घट्ट आवळायचा, लांब केबल जोडायची आणि पुढच्या बंपरमागे, वाऱ्यावर बसवायचा. इंजिनावर ठेवलेला हीटसिंक निरुपयोगी, कारण भोवतालची हवाच तापलेली असेल तर पंखांनी उष्णता सोडायची कुठे?

मॉड्यूल बदलताना एक चिमुकला रेझिस्टर विसरून चालत नाही. कारखान्यात पंपाची चाचणी घेऊन त्याच्या डिझेल सोडण्याच्या प्रमाणानुसार तो निवडलेला असतो. जुन्या मॉड्यूलच्या खोबणीतून काढून तो नव्यात खोचावा लागतो. त्यावरूनच इंजिनाच्या संगणकाला कळतं, हा पंप हात सैल सोडणारा आहे की आखडता घेणारा.